अपघातातल्या पेशंटची इम्युनिटी वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमचा ३४ वर्षांचा भाऊ, वजन साधारण ६२ किलो, नवले पुलाजवळ बाइकवरून पडला त्याला आज बारा दिवस झाले. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्या, मांडीचं ओपन फ्रॅक्चर, म्हणजे हाड मोडून वरची कातडीही फाटलेली, होतं, पोटात रक्त साठत होतं म्हणून त्याच रात्री प्लीहा, म्हणजे आपण पाणथरी म्हणतो ती, काढून टाकावी लागली. आठ दिवस आयसीयूत होता, आता वॉर्डात आहे, तोंडाने जेवायला परवानगी मिळालीय. दोन दिवसांपासून संध्याकाळी ताप चढतोय, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट वाढलेत, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन असू शकतं. आणि तेव्हापासून घरात एकच चाललंय की याची इम्युनिटी गेलीय, ती वाढवायला काय द्यायचं. काका गुळवेलाचा काढा आणतायत, शेजारच्यांनी एक पावडर सुचवलीय, आणि ओळखीतल्या कोणीतरी सांगितलंय की अठरा हजाराला एक असं इंजेक्शन मिळतं ते पाच दिवस द्या.

मी पुण्यात आयसीयूमध्ये वीस वर्षांच्या वर काम करतेय. एक्सप्रेसवेवरून आणलेले, कात्रजच्या उतारावर गाडी उलटलेले, चाकणला मशीनमध्ये हात गेलेले असे पेशंट रोजचे आहेत, आणि त्यांच्या नातेवाईकांचा साधारण दुसऱ्या आठवड्यात हाच प्रश्न येतो. तो चुकीचा नाहीये. फक्त "काय देऊ" हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग असा, की भावाच्या शरीराला आत्ता लढायला लागणारा माल रोज पोचतोय का, आणि जंतूंना आत यायला आपण किती वाटा उघड्या ठेवल्यात. हे दोन नीट झालं तर बरंचसं काम होतं. हे होत नसेल तर अठरा हजारांच्या इंजेक्शनाने ते भरून निघत नाही, हे मी अनेक घरांचे पैसे गेलेले बघून सांगतेय.

काही गोष्टी मात्र मला इथून कळू शकत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. त्याचं क्रिएटिनिन किती आहे, म्हणजे किडनी कशी चाललीय. शुगर किती येतेय. पोट उघडलं तेव्हा आतड्यालाही काही इजा होती का. डोक्याला मार आहे का, गिळताना ठसका लागतो का. यातलं काही असेल तर खाली मी खाण्याचं जे लिहितेय ते बदलेल, म्हणून ते तुमच्या डॉक्टरांना आणि तिथल्या डाएटिशियनला दाखवूनच करा.

आता शरीरात काय चाललंय ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया म्हणून ऊर्जा तयार करणारे छोटे भाग असतात. अब्जावधी वर्षांपूर्वी ते स्वतंत्र बॅक्टेरिया होते असं मानतात, आणि त्यांचा डीएनए अजूनही बॅक्टेरियासारखाच दिसतो. मांडीचा स्नायू चिरडला गेला की हा डीएनए रक्तात सांडतो, आणि आपल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींना वाटतं की जंतूंचाच हल्ला झालाय. २०१० साली अपघाताच्या पेशंटमध्ये हे दाखवलं गेलं. म्हणून पहिल्या काही दिवसांत एकही जंतू नसताना ताप येतो, काउंट वाढतो, नाडी पळते. म्हणजे त्या वेळी प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, उलट ती नको तितकी भडकलेली असते, आणि तिच्या भडकण्यानेच फुप्फुसाला, किडनीला त्रास होतो.

त्याच वेळी शरीर ब्रेकही लावायला लागतं. रक्तातल्या काही पेशींचं काम असतं जंतूचा तुकडा उचलून दुसऱ्या पेशींना दाखवायचं, की बघा हा शत्रू आलाय. मोठ्या मारानंतर त्यांची ही दाखवायची ताकद उतरते, लिम्फोसाइट नावाच्या पेशी कमी होतात, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं असतं, आणि नेमक्या याच काळात पेशंटच्या अंगावर जखमा, नळ्या, टाके सगळं असतं. भडकणं आणि ढिलं पडणं दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी चालू असतं, आणि म्हणूनच "इम्युनिटी वाढवणारं" एकच औषध शोधायचे जे प्रयत्न झाले ते फसत गेले. यातलं काय वाढवायचं आणि काय दाबायचं हे प्रत्येक पेशंटमध्ये दिवसागणिक बदलतं.

तापाबद्दल एवढंच सांगते. बाराव्या दिवशी नव्याने येणारा ताप "अपघातामुळे असेल" म्हणून सोडून द्यायचा नसतो, कारण शोधावंच लागतं. छाती, लघवी, सलाईनची जागा, मांडीची जखम, पोटात प्लीहा होती त्या जागी काही साठलंय का, पायाच्या शिरेत गुठळी आहे का, हे सगळं बघितलं जातं. तुम्ही विचारायचं ते एवढंच, की कल्चर, म्हणजे जंतू कुठला ते शोधायची तपासणी, पाठवलंय का. "अँटिबायोटिक बदला ना" असा आग्रह धरू नका, जंतू कळल्याशिवाय बदलत राहिलं तर पुढे कुठलंच चालेनासं होतं.

आता खाण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त हेच असतं.

१९३० च्या सुमारास ग्लासगोमध्ये कथबर्टसन नावाचे डॉक्टर पाय मोडलेल्या लोकांची लघवी तपासत होते. त्यांना दिसलं की मोडलेल्या हाडाच्या मानाने लघवीतून कितीतरी जास्त नायट्रोजन बाहेर जातोय, म्हणजे एकट्या जखमी पायातलं नाही, तर सगळ्या अंगातलं स्नायूचं प्रोटीन वितळतंय. का वितळतंय? कारण जखम भरायला, नवीन पांढऱ्या पेशी बनवायला, अँटिबॉडी बनवायला लागणारा कच्चा माल शरीर तिथूनच उचलतं. घरात पाहुणे आले आणि किराणा संपला की आपण डब्यातली ठेव बाहेर काढतो तसंच आहे, फक्त ही ठेव म्हणजे त्याची मांडी, त्याचे खांदे, त्याचे श्वासाचे स्नायू. तुम्ही लिहिलंय ना की "दहा दिवसांत ओळखू येईना इतका वाळला", ते हेच.

म्हणून अशा पेशंटला साधारण किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. तुमच्या भावाचं आपण दीड धरू, म्हणजे ९३, गोल हिशोबात ९५ ग्रॅम. आता तुम्ही काल त्याने काय खाल्लं ते लिहिलंय: सकाळी तांदळाची पेज, मग नारळपाणी, दुपारी वरणाचं पाणी आणि मऊ भात, सफरचंद, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, रात्री परत पेज. ताई, हे सगळं प्रेमाने केलेलं आहे हे मला माहितेय, पण यात जेमतेम वीस ग्रॅम प्रोटीन असेल. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. वरणाचं पाणी आपण आजारी माणसाला हलकं म्हणून देतो आणि प्रोटीनची डाळ पातेल्याच्या तळाशी राहते, ती घरातले बाकीचे खातात.

तर वरण घट्ट करा आणि घोटून द्या. दिवसाचा हिशोब ढोबळ असा बसतो: तुम्ही लिहिलंय की अंडी चालतात, मग तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम, दोन ग्लास दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण १२, चार पोळ्या १२, मोठी वाटी दही ५, शंभर ग्रॅम पनीर १८, मूठभर फुटाणे ६, आणि सोयाबीनच्या वड्या कोरड्या असताना २५ ग्रॅम मोजून भिजवून भाजीत किंवा खिचडीत घातल्या की १३. झाले ९७. गुरुवारी-शनिवारी घरात अंडं चालत नसेल तर त्या दिवशी पनीर किंवा सोयाबीन वाढवा. एकदम एवढं जाणार नाही, आणि जो माणूस बरेच दिवस नीट जेवला नाहीये त्याला एकदम भरपूर द्यायचंही नसतं, रक्तातलं फॉस्फेट वगैरे घसरतं, म्हणून तीन-चार दिवसांत चढवत न्या आणि सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू द्या जरूर, ताकद येते, पण ते या हिशोबात वरून, याच्या ऐवजी नाही. जेवण निम्म्याच्या पुढे जातच नसेल तर मग पावडर, तिथे तिचा खरा उपयोग आहे, पण कुठली आणि किती चमचे ते डाएटिशियनला विचारून. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना किलोमागे २.२ ग्रॅमच्या वर देऊन बघितलं तेव्हा फायदा दिसला नाही आणि ज्यांची किडनी बिघडलेली होती त्यांना नुकसान झालं.

एक वही घाला. खरंच. सासवडकडच्या एक काकू होत्या, मुलगा आमच्याकडे पाच आठवडे होता, त्यांनी शाळेची दोनरेघी वही घेतली होती आणि त्यात "वाढलं" आणि "खाल्लं" असे दोन रकाने आखले होते. वाढलं दोन पोळ्या, खाल्लं अर्धी. वाढलं वाटीभर उसळ, खाल्लं तीन चमचे. राऊंडला त्या काही बोलायच्या नाहीत, वही पुढे करायच्या. आमच्या चार्टवर तेव्हा "फुल डाएट, टॉलरेटिंग वेल", म्हणजे पूर्ण जेवण नीट जातंय, असं लिहिलेलं होतं. त्या वहीवरून आम्ही त्याला रात्रीपुरतं राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, फीड सुरू केलं, दिवसा जेवण आणि रात्री नळीतून, आणि दोन आठवड्यांत जखमेचा रंग बदलला, पिवळट होती ती लाल, दाणेदार दिसायला लागली.

आणि उपास. म्हणजे देवाचे नाही, हॉस्पिटलमधले. मी ज्युनियर असताना ज्या हॉस्पिटलात होते तिथली गोष्ट आहे. चाळिशीतला माणूस, पायाची जखम दर दोन दिवसांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन धुवायची असायची. रात्री बारापासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही, नंबर लिस्टच्या शेवटी, दुपारी चारला नेतील म्हणून सगळे थांबलेले आणि पाचला निरोप यायचा की आज नाही, उद्या. उद्यासाठी परत रात्री बारापासून एनबीएम. जखम भरेना म्हणून आम्ही अँटिबायोटिक बदलत होतो. एके दिवशी मी बसून मागच्या दहा दिवसांचा हिशोब मांडला तर सहा दिवस त्या माणसाला अर्धं जेवणसुद्धा मिळालेलं नव्हतं. मीच त्याच्या फाइलवर रोज सही करत होते. ते अजून मनातून जात नाही. म्हणून तुमच्या भावाचं पुढचं ऑपरेशन ठरेल तेव्हा भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, नेमकं किती वाजल्यापासून बंद. साधारण नियम घन पदार्थ सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत असा असतो, पेशंटप्रमाणे तो बदलतो. आणि ऑपरेशन पुढे ढकललं की लगेच विचारा, आता जेवायला देऊ का. हे विचारायला संकोच करू नका, कामाच्या गडबडीत हे आमच्या लोकांच्या खरंच राहून जातं.

आता काढे, गोळ्या, इंजेक्शन. गुळवेल सध्या नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता, तो वाद बाजूला ठेवू. पण तुमच्या भावाचं लिव्हर आत्ता पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक, भुलेची औषधं हे सगळं निस्तरतंय, उद्या त्याचे लिव्हरचे रिपोर्ट बिघडले तर कशाने बिघडले हे आम्हाला कळणार नाही आणि कदाचित गरजेचं औषध थांबवावं लागेल. काकांना माझ्या वतीने सांगा की बरा होऊन घरी आला की बघू. दुधात चिमूटभर हळद चालेल, हळदीच्या कॅप्सूल नकोत. आवळा, पेरू, संत्रं भरपूर द्या, व्हिटॅमिन सीची रोजची गरज त्यातून भागते. तेच व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या डोसमध्ये सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागलेल्या, पेशंटना देऊन बघितलं, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले आणि ज्यांना दिलं त्यांचंच जास्त वाईट झालं होतं. व्हिटॅमिन डी कमी असेल तर द्यायचंच, आपल्याकडे बहुतेकांचं कमी असतं, पण ते साठ हजार युनिटचं सॅशे सहसा आठवड्याला एक असतं, रोज एक नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण रोज घेणारे लोक मी पाहिलेत.

ग्लुटामिन हा प्रोटीनचाच एक घटक, त्याची पावडर पण खूप विकली जाते, "इम्युनो-न्यूट्रिशन" म्हणून. २०१३ साली बाराशेहून जास्त आयसीयू पेशंटवर मोठा अभ्यास आला, एकापेक्षा जास्त अवयव निकामी झालेले व्हेंटिलेटरवरचे पेशंट होते, त्यांना भारी डोसमध्ये ग्लुटामिन दिलं तर मृत्यू वाढले. तुमचा भाऊ तेवढा आजारी नाही हे मान्य, पण कल्पना ऐकायला कितीही बरोबर वाटली तरी पेशंटमध्ये उलटी पडू शकते हे आम्ही यातून शिकलो.

अठरा हजाराच्या इंजेक्शनाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीये. अशा वेळी लोकांना साधारण इम्युनोग्लोब्युलिन किंवा अल्ब्युमिन सुचवलं जातं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, काही आजारांत ते जीव वाचवतं, मी स्वतः वापरते, पण अपघातातल्या पेशंटला ताप आला म्हणून सरसकट द्यावं याला आधार नाही. अल्ब्युमिनचं असं आहे की सूज असताना ते शिरांमधून बाहेर झिरपतं आणि लिव्हर त्याऐवजी दुसरी प्रोटीनं बनवायला लागतं, म्हणून रिपोर्टमध्ये ते कमी दिसतं. बाटली चढवून आकडा दोन दिवस सुधारतो, माणूस नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जवळजवळ सात हजार आयसीयू पेशंटमध्ये ते सलाईनच्या तुलनेत वापरून बघितलं, जगण्या-मरण्यात फरक दिसला नाही, आणि ज्यांच्या डोक्याला मोठा मार होता त्यांच्यात अल्ब्युमिनने मृत्यू जास्त होते. तर विचारायचं असं, की हे कुठल्या नेमक्या कारणासाठी, आणि नाही दिलं तर काय होईल. तुमच्या भावाला रोज तपासणारे डॉक्टर स्वतः कारण सांगून ते लिहून देत असतील तर त्यांचं ऐका, माझं नाही. बाहेरून कोणी सुचवतंय म्हणून मात्र गळ्यातलं मोडू नका.

दुसरा भाग वाटा बंद करायचा. कातडी ही पहिली भिंत आणि आपण उपचारासाठीच तिला भोकं पाडतो. लघवीची नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, हातातली सुई, पोटातला ड्रेन, यातलं प्रत्येक काही काळ गरजेचं असतं आणि गरज संपल्यावर एक दिवससुद्धा जास्त ठेवू नये. रोज सकाळी राऊंडला एवढंच विचारा, "डॉक्टर, आज यातली कुठली नळी काढता येईल?" ऑर्थोचे आणि सर्जरीचे डॉक्टर वेगवेगळे येतात, एकाला वाटतं दुसरा काढेल, आणि नळी राहते. सुईची जागा लाल, गरम, दुखरी दिसली की सिस्टरला लगेच दाखवा.

हात धुणं तर आहेच. बेडच्या टोकाला सॅनिटायझरची बाटली असते, आत येताना आणि जाताना वीस-तीस सेकंद नीट चोळा, बोटांच्या मध्ये, नखांपाशी. रविवारी गावाकडून सुमो भरून माणसं येतात, मायेने येतात, पण एकावेळी दोघांनीच जा आणि सर्दी-खोकला असणाऱ्याने खालूनच फोन करा. अंगारा जखमेवर, ड्रेसिंगवर लावू नका. आईचा जीव शांत होत नसेल तर स्वच्छ पुडीत घालून उशीखाली ठेवा, मी कधीच नाही म्हणत नाही. हातात बांधलेला दोरा मात्र सुईच्या जवळ येत असेल तर सोडून दुसरीकडे बांधा, तो सतत ओला राहतो.

छातीचं सगळ्यात दुर्लक्षित असतं. पाच बरगड्या मोडलेला माणूस दुखतं म्हणून उथळ श्वास घेतो, खोकत नाही, कफ खाली साठतो आणि न्यूमोनिया होतो. त्याला तीन बॉलचं श्वासाचं यंत्र दिलं असेलच. मी दुपारी वॉर्डातून फिरते तेव्हा ते बहुतेक वेळा खिडकीत प्लास्टिकच्या पिशवीत किमतीच्या स्टिकरसकट ठेवलेलं असतं. ते बाहेर काढा. आणि त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, बरेच जण आठवडाभर फुंकत बसतात. सावकाश ओढायचा, बॉल वर असताना दोन-तीन सेकंद धरायचा, जागा असताना दर तासाला दहा वेळा. खोकताना डाव्या बरगड्यांवर उशी घट्ट धरा, कमी दुखतं. दुखण्यामुळे जमतच नसेल तर "सहन कर" म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, दुखणं कमी करणं हा न्यूमोनिया टाळायचाच उपचार आहे. फिजिओ आले की झोपलाय म्हणून परत पाठवू नका. बेडच्या कडेला पाय सोडून बसवणं, कूस बदलणं, दोनदा दात घासणं, या सगळ्याने फुप्फुसं आणि पाठीची कातडी वाचते. मांडीवर किती वजन टाकायचं ते ऑर्थोच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

शुगरचं थोडक्यात. डायबेटिस नसला तरी मोठ्या मारानंतर शुगर चढते, आणि चढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. १८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. एके काळी अगदी शंभरच्या आसपास ठेवायची पद्धत आली होती, २००९ च्या मोठ्या अभ्यासात त्याने मृत्यू वाढलेले दिसले आणि ती सोडली. तुमच्याकडून एवढंच की ग्लुकोजच्या पावडरी, पॅकबंद ज्यूस नको. नारळपाणी एखादं ठीक आहे, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं, किडनीचा प्रश्न असेल तर विचारून. आणि "ताकदीसाठी एक बाटली रक्त चढवा" असंही कोणी म्हणेल. रक्तस्राव थांबलेला असेल आणि हिमोग्लोबिन सातच्या वर असेल तर बहुतेक पेशंटना लागत नाही, आणि उगाच दिलेलं रक्तसुद्धा प्रतिकारशक्तीला थोडं दाबतं.

तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की त्याला तंबाखूची सवय होती. ती ओळ मी पहिली घेतली असती. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं, हाड जुळायला वेळ लागतो. बारा दिवस तो तंबाखूशिवाय राहिलाय, पहिले सगळ्यात कठीण दिवस नकळत निघून गेलेत. आता भेटायला येणाऱ्या मित्रांपैकी कोणी प्रेमाने पुडी सरकवू नये यावर लक्ष ठेवा, असं होतं. चिडचिड करत असेल तर डॉक्टरांशी बोला, त्यावर मदत मिळते.

तर आत्तापर्यंतचं: वही, घट्ट वरण, नळ्यांचा प्रश्न, बॉलचं यंत्र, तंबाखू नाही. आता प्लीहा. तुमच्या सगळ्या प्रश्नात "इम्युनिटी कमी झाली" हे वाक्य जिथे शब्दशः खरं आहे ती ही एकच जागा, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये, म्हणजे बहुतेक कोणी नीट समजावलं नसावं.

प्लीहा रक्त गाळते. काही जंतूंच्या अंगावर गुळगुळीत आवरण असतं, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस हे त्यातले मुख्य, त्यांना रक्तातून पकडायचं काम मोठ्या प्रमाणावर प्लीहा करते. ती नसली तर माणूस एरवी अगदी ठणठणीत राहतो, कामाला जातो, पण असं एखादं इन्फेक्शन झालंच तर ते काही तासांत जिवावर बेतू शकतं. धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त आणि मग कमी, पण आयुष्यभर असतोच. यावर उपाय आहे आणि तो खरोखर इम्युनिटी वाढवणारा आहे: लसी. न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, एचआयबी म्हणजे हिमोफिलसची, आणि दर वर्षी फ्लूची. तातडीने प्लीहा काढली असेल तर साधारण चौदा दिवसांनंतर या देतात, कारण त्याआधी शरीर लसीला नीट उत्तर देत नाही. काहींचा दुसरा डोस आठ आठवड्यांनी असतो. तापामुळे दोन-चार दिवस पुढे-मागे होईल, ते डॉक्टर ठरवतील, पण "डिस्चार्जनंतर बघू" यात हे राहून जातं, म्हणून घरी सोडण्याआधी तारीख आणि लसीचं नाव लिहून घ्या. पहिल्या रात्री धनुर्वाताची लस दिली होती का तेही फाइलमध्ये बघा, ओपन फ्रॅक्चर आहे.

घरी गेल्यावरचा नियम सगळ्या घराला पाठ हवा. १०० च्या वर ताप, त्यातून थंडी वाजून आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, याची प्लीहा काढलेली आहे. घरात ठेवायला एखादं अँटिबायोटिक द्याल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा, काही जण हॉस्पिटलला पोचेपर्यंत घ्यायचा पहिला डोस लिहून देतात. कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तरी रेबीजच्या लसीबरोबर हेही सांगायचं, कुत्र्याच्या तोंडातला एक जंतू प्लीहा नसलेल्या माणसाला फार महागात पडतो. मलेरिया असलेल्या भागात कामासाठी जाणार असेल तर आधी विचारून, मच्छरदाणी, गोळ्या, सगळं.

डिस्चार्ज कार्डवर "स्प्लीनेक्टमी", म्हणजे प्लीहा काढलेली, हा शब्द ठळक लिहून घ्या, त्याचा फोटो त्याच्या, तुमच्या आणि वहिनींच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक छोटं कार्ड त्याच्या पाकिटात, लायसन्सच्या मागे. परवा चौदावा दिवस आहे, उद्याच्या राऊंडला लसींचं विचारा. कल्चरमध्ये काय आलं आणि क्रिएटिनिन किती आहे ते कळवा, जेवणाचा हिशोब त्याप्रमाणे परत करून देते.